कडी काढल्यावर

१

आमचं काम म्हणजे दिवसभर स्वतःशी बोलणं. त्याचा पगार मिळतो, वेड्यांत आणि आमच्यांत एवढाच काय तो फरक.

टेबलावर सिरियल अ‍ॅडाप्टरांचा खोका असतो. त्यातला एकेक उचलायचा. त्याचं यूएसबीचं तोंड कॉम्प्युटरला लावायचं. दुसऱ्या टोकाला नऊ पिना असतात, त्यांतली तीन नंबरची बोलते आणि दोन नंबरची ऐकते. बाकीच्यांशी आम्हाला फारसं देणंघेणं नसतं. या दोघींच्या मधे एक वाकवलेली तार अडकवायची. मालक तिचं मोठं इंग्रजी नाव घेतात, आम्ही तिला कडी म्हणतो. कडी घातली की पाठवलेलं अक्षर बाहेर न जाता तिथूनच मागे वळतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करायचं, ते जसंच्या तसं परत दिसलं तर माल चांगला. मग कडी काढून पुन्हा टाइप करायचं. आता काही दिसता कामा नये. तसं झालं की पास, पुढचा घ्या.

जुने वजनकाटे, लेथ मशिनं, प्रयोगशाळांतली म्हातारी यंत्रं अजून या तारांवर जगतात, म्हणून आम्हीही जगतो.

मी नवीन होते तेव्हा एक अख्खा खोका मेलेले अ‍ॅडाप्टर पास केले होते. टर्मिनलमध्ये ‘लोकल एको’ नावाची एक खूण असते. ती चालू राहिली तर तुम्ही टाइप केलेलं अक्षर कुठेही न जाता तुमचं तुम्हालाच दाखवलं जातं. तार तुटलेली असो, अ‍ॅडाप्टर जळलेला असो, पडद्यावर सगळं छान. शेजारच्या टेबलावरचा चष्मिष तेव्हा पोट धरून हसला होता.

“अगं, तू स्वतःचंच ऐकत बसली होतीस!” म्हणाला. मग हसू आवरून त्याने मला धडा दिला. “आधी एको बंद, मग कडी, मग शब्द. आणि कडी काढल्यावर अक्षर परत आलं नाही, तर त्याचे दोनच अर्थ. एक तर तार मोकळी आहे. नाहीतर पलीकडे कोणीतरी आहे आणि त्याने ते ठेवून घेतलं.”

टेस्टिंगसाठी प्रत्येकाचा आपला शब्द असतो. चष्मिष मालकांना उद्देशून जे टाइप करतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा शब्द ‘जेवलीस का’. टाइप रोमन अक्षरांत करते, पण इथे आपल्या लिपीत लिहिते. आईचा दुपारच्या सुट्टीत रोज फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, जेवलीस का. त्या वेळी कंटाळा यायचा. आता फोन येत नाही, म्हणून बोटांना त्याची सवय लागलेली.

२

आईला झटका आला त्याला आता बरेच महिने झाले होते. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे स्वतःचं गेलं. आपण काही म्हटलं की शेवटचे शब्द ती परत करायची.

“आई, पाणी देऊ?”

“पाणी देऊ.”

“आई, उद्या दादाचा फोन येईल.”

“फोन येईल.”

आवाज तिचाच, जरा घासलेला. मधे एखादा शब्द अडायचा. ‘जेवलीस’ म्हटल्यावर ‘का’पर्यंत पोचायला तिला वेळ लागे, चढावर थांबून श्वास घ्यावा तसा. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा सुरुवातीलाच त्या म्हणाल्या होत्या की परत म्हणते आहे तोवर आशा आहे, म्हणत राहा. म्हणून मी म्हणत राहिले. दिवसभर कारखान्यात माझं मलाच परत, संध्याकाळी घरी माझं मलाच परत. कधी कधी वाटायचं, जगात माझ्याशिवाय कोणी बोलतच नाही.

दादा दुसऱ्या शहरात. तो माझ्यापेक्षा मोठा, मी एकटीच त्याला दादा म्हणणारी. आईसाठी तो ‘मोठ्या’ आणि मी ‘धाकटे’. आमची खरी नावं शाळेच्या दाखल्यापुरती होती. दादाने त्याच्या घराजवळ एक संस्था बघून ठेवली होती, जिथे अशा माणसांची चोवीस तास काळजी घेतात.

“तू दमली आहेस,” तो फोनवर म्हणाला.

“दमले तर आहेच. पण आई बोलतेय दादा. रोज बोलते माझ्याशी.”

“मग रविवारी येतो. बाईंनाही बोलावू. बोलली तर राहू दे इथेच, मी काही बोलणार नाही. नाही बोलली तर मी घेऊन जाईन. चालेल?”

चालेल म्हटलं. माझ्या हातात दुसरं काय होतं? आईला तिच्या खोलीतून उचलून कुठल्या तरी अनोळखी पलंगावर ठेवतील या विचाराने मला घास गिळवत नव्हता. आणि हेही खरं की कोणीतरी तिला घेऊन जावं आणि मला दोन दिवस झोपू द्यावं असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

३

त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल टेबलावर होता. त्यातल्या एका करड्या अ‍ॅडाप्टरचं टोक जरा पिवळं पडलेलं. तक्रार नेहमीचीच, मधेच काहीबाही दिसतं. लावला, कडी घातली, ‘जेवलीस का’ टाइप केलं, परत आलं. कडी काढली, टाइप केलं.

जेवलीस का.

आलं.

मी कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांनी पुन्हा तीच चूक! सेटिंग उघडलं. एको बंद होता. तरी एकदा चालू करून बघितला, तेव्हा प्रत्येक अक्षर दोनदा उमटलं, जेजेवव असं. म्हणजे एक माझं, एक बाहेरून आलेलं. पुन्हा बंद केला. कडी माझ्या समोर, टेबलावर पडलेली होती.

“ए चष्मिष, हे बघ रे.”

तो खुर्चीसकट सरकत आला, पिना निरखल्या, फुंकर मारली. “ऐकणारी पिन मोकळी आहे ना, मग ती शेजारणीचं ऐकते. बारीक सोल्डर सांडलं असेल आत. नाहीतर ओल. उघडून बघ.”

बरोबर होतं. असं होतं कधी कधी. मी टोपण उघडलं, भिंगातून बघितलं, ब्रशने पुसलं. आत सगळं लख्ख होतं. ऐकणारी पिन एका तारेने जमिनीला, म्हणजे ग्राउंडच्या पिनेला, बांधून टाकली, म्हणजे तिला आता काही ऐकू येणंच शक्य नाही. टाइप केलं.

या वेळी लगेच काही आलं नाही. मी हुश्श करून चहाचा कप उचलला, तेवढ्यात एकेक अक्षर यायला लागलं. जे. व. लीस. मग काहीच नाही. मोकळी जागा आणि लुकलुकणारी खूण. मी कप हातात धरून तशीच बसले. मग सावकाश, ‘का’.

तारेतून येणारं अक्षर अडत नाही. येतं किंवा येत नाही, मोडकं येतं, कचरा होऊन येतं. मधेच दम खाऊन येत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, आणि तो दम कुठला हेही माहीत होतं. चहा तसाच ओतून टाकला. अ‍ॅडाप्टर बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. डोळ्यांवर ताण आला की काय काय दिसतं, असं स्वतःला समजावलं. संध्याकाळपर्यंत पटलंही होतं.

४

दिवसभर आईजवळ बसायला एक मावशी येतात. हाताला चांगल्या, तोंडाला फटकळ. मी घरी पोचले तेव्हा त्या चपला घालत होत्या.

“आज काही बोलली का हो आई?”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. “आज? ताई, मी येते तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मी आपली भिंतीशी बोलावं तशी बोलते. तुम्ही रोज विचारता, मी रोज तेच सांगते.”

“माझ्याशी बोलते.”

“हो, तुम्ही म्हणता खरं.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली. जिना उतरता उतरता थांबून म्हणाल्या, “आणि ती खिडकीजवळची खुर्ची कोण हलवतं? मी भिंतीला लावून जाते, सकाळी बघावं तर दाराकडे तोंड करून. पाय आपटतो माझा.”

ती खुर्ची आईची. झटका येण्याआधी मी कामावरून येईपर्यंत ती त्या खुर्चीत दाराकडे बघत बसायची. मीच हलवत असेन झाडताना. झाडते कधी तेही आठवत नाही, इतकी झोप असते डोळ्यांवर.

आत गेले. आई पलंगावर उशाला टेकून, तोंड भिंतीकडे. मी तिची उशी नीट केली, भात मऊ करून आणला, चमचा धरला.

“आई, जेवलीस का?”

ती घास चघळत होती. तोंडात घास असताना माणूस बोलत नाही, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी वाटीत बघत होते.

“जेवलीस... का.”

“हो गं, जेवेन मी पण,” मी म्हटलं.

“जेवेन मी पण.”

मला इतकं बरं वाटलं! मावशींशी नाही बोलत, माझ्याशी बोलते. माणसं असतात अशी, परक्यापुढे मिटून बसतात. रविवारी बाईंना हेच समजावून सांगायचं ठरवलं.

५

दुसऱ्या दिवशी तो करडा अ‍ॅडाप्टर भंगाराच्या खोक्यात टाकायला उचलला आणि न टाकता पुन्हा लावला. का लावला, मला नीट सांगता येणार नाही. दुखऱ्या दातावर जीभ जातेच.

चष्मिषला आधी बसवलं. त्याने आपला ठेवणीतला शब्द टाइप केला. काही परत आलं नाही. कडी घालून केला, तरी नाही. “मेलंय हे,” तो म्हणाला. “यात आहे काय जपण्यासारखं?”

“थांब जरा. आता मी बसते. तू बघ.”

मी बसले. कडी नव्हती. या वेळी ‘जेवलीस का’ टाइप केलं नाही. नुसतं ‘आई’ टाइप केलं.

‘आई’ परत आलं. चष्मिषने पुढे वाकून एको बघितला, बंद. “तुझ्या कीबोर्डची काही भानगड आहे,” तो म्हणाला. “बोटं बाजूला घे बघू.”

मी हात मांडीवर ठेवले. दोघेही पडद्याकडे बघत राहिलो. पलीकडे कोणीतरी पंचिंग मशिन चालवत होतं, मालक फोनवर कुणाची तरी समजूत घालत होते, बाहेर टेम्पो मागे घेत होते. लख्ख उजेडाची सकाळ. आणि खिडकीत अक्षरं यायला लागली, एकेक करून, अडत.

धाकटे.

“हे काय?” चष्मिष म्हणाला. “धाकटे? हे तू टाइप केलंस?”

माझे हात मांडीवर होते, त्याला दिसत होते. त्याने टेबलाखाली वाकून केबल बघितली, सरळ झाला, चष्मा काढून पुसला. त्याचं हसणं कुठे गेलं होतं कोण जाणे. “आधीच्या कुणाचं तरी साठलेलं असेल चिपमध्ये,” तो म्हणाला. “असतं कधी कधी. साठतं.”

“साठतं?”

“मला काय विचारतेस? मी काय बनवलंय ते?” तो खेकसला. माझ्यावर कधी न खेकसणारा माणूस. मग आवाज खाली आणून म्हणाला, “धाकटे म्हणजे कोण?”

उत्तराची वाटही न बघता त्याने यूएसबीचं तोंड उपसून काढलं. दुपारच्या सुट्टीनंतर बघते तर त्याने आपलं टेबल हातभर पलीकडे सरकवलं होतं. खिडकीतून ऊन येतं म्हणाला. त्या खिडकीतून कधी ऊन येत नाही.

६

रविवारी दादा आला. आल्या आल्या आईच्या पायाशी बसला आणि तिचे तळवे चोळत राहिला. त्याचे केस इतके पिकलेत हे मला फोनवर कळलं नव्हतं. बाईही आल्या, शांत, वयस्कर, मोठ्या पर्सवाल्या.

त्यांनी पेला उचलून आईच्या समोर धरला. “आजी, हे काय आहे? पेला. म्हणा बघू, पेला.”

आई पेल्याकडे बघत राहिली. मग बाईंनी चमचा दाखवला, कंगवा दाखवला, दादाकडे बोट केलं. “हे कोण? सांगा बघू.” दादा गुडघ्यांवर पुढे सरकला. “आई, मी मोठ्या. ओळखलंस ना?” आईने त्याच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. दादाने मान खाली घातली.

“थांबा,” मी म्हटलं. “ती माझ्याशी बोलते.” सगळं त्या एका प्रश्नावर होतं. मी तिचा हात हातात घेतला. “आई, जेवलीस का?”

मग, “जेवलीस... का.”

“ऐकलंत?” मी ओरडलेच. “ऐकलंत ना?”

दादा माझ्याकडे बघत होता, राग येण्याच्या जरा अलीकडे. “दोनदा कशाला विचारतेस?”

“मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा आई बोलली!”

“अगं, तूच बोललीस. तुझाच आवाज होता.”

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “ताई, मी आजींच्याच तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले नाहीत. होतं असं, खूप दमल्यावर आपल्याला पाहिजे ते ऐकू येतं.” मग त्या दादाला घेऊन हलकेच बाहेर गेल्या. दार लोटलं गेलं आणि पलीकडे त्यांची कुजबूज सुरू झाली.

मी आईजवळ एकटी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण डोक्यात चष्मिष बसला होता. आधी एको बंद. मग कडी.

मी डाव्या हाताचा तळवा आईच्या ओठांवर ठेवला. ओठ कोरडे होते, श्वास गरम लागत होता. म्हटलं, “आई, जेवलीस का?” आणि शेवटचं अक्षर तोंडातून बाहेर पडताच उजव्या हाताने माझं स्वतःचं तोंड गच्च दाबलं. आता खोलीत बोलणारं कोणी नव्हतं.

तळव्याखाली काही हललं नाही.

“जेवलीस,” माझ्या मागून आलं. मग तो दम. मागे खिडकी होती आणि तिच्याजवळ ती खुर्ची. “का.”

मी वळले नाही. वळायला हवं होतं, म्हणजे एकदाचं काय ते कळलं असतं. पण मी आईच्या डोळ्यांत बघत होते, आणि आई माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. भीतीने की ओळखीने, मला सांगता येणार नाही.

बाहेर येऊन मी दादाला म्हटलं, “घेऊन जा तिला. आजच.”

तो भांडायच्या तयारीने बसला होता, बिचारा गडबडलाच. “आजच? अगं, उद्या सकाळी...”

“आजच ने.” मला आईला त्या खोलीतून बाहेर काढायचं होतं. तिथे मी कोणाशी बोलत होते हे मला माहीत नव्हतं, पण ती आई नव्हती, आणि आई तिथे एकटी पडली होती. दादाला वाटलं मी थकून हात टेकले. त्याने मला जवळ घेतलं.

७

दादा आईला घेऊन गेल्यावर मी तो करडा अ‍ॅडाप्टर एकदा लावून बघितला. ‘आई’ टाइप केलं. काहीच नाही. कडी घालून केलं, तरी नाही. साफ मेला होता. चष्मिषने माझ्या हातातून घेतला आणि भंगारात टाकला. दोन-तीन दिवसांनी त्याचं टेबलही गुपचूप जागेवर आलं.

घरात मी बोलणं बंद केलं. कोणाशी बोलणार होते तसंही! पण माणूस एकटा असताना किती बोलतो ते न बोलल्यावरच कळतं. दूध उतू गेलं की अरे देवा, पायाला काही लागलं की आई गं. ते सगळं मी गिळायला शिकले. दादाशी बोलायचं तर फोन घेऊन जिन्यात जायची. तो सांगायचा, आई शांत आहे, खाते व्यवस्थित, बोलत मात्र नाही. तिच्या खोलीचं दार मी लोटून घेतलं होतं. आत गादी गुंडाळून ठेवलेली आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून टेकवलेली, ती मी माझ्या हाताने टेकवली होती.

झोप मात्र येऊ लागली. खरं सांगते, बरं वाटत होतं. आईची आठवण यायची आणि तिच्या आठवणीने रडायलाही शांतता लागते, ती मिळत होती.

८

मग एके दिवशी कारखान्याची वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळला, आज काही येत नाही, असं म्हणून मालकांनी सगळ्यांना जेवणाआधीच घरी सोडलं. डबा तसाच पिशवीत. मी कुलूप काढलं, आत आले, कडी लावली, चपला काढल्या. तोंडातून हुं की चूं काढलं नव्हतं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते. मी काहीही पाठवलं नव्हतं.

“जेवलीस का?”

आतून आलं. बंद दाराआडून. मधे कुठेही न अडता, सलग, रोज दुपारी फोनवर यायचं तसं. आईच्या धडधाकट दिवसांतला आवाज.

आणि मी, इतकी दमलेली होते म्हणून म्हणा, सवय म्हणून म्हणा, पटकन म्हणाले, “हो.”

खोटंच होतं ते. आईशी ते नेहमीच खोटं असायचं.

मी आता ‘हो’ परत येण्याची वाट बघत भिंतीला धरून उभी राहिले. नळ ठिबकत होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट ओढलं. ‘हो’ परत आलं नाही. आलंच नाही. कडी काढल्यावर अक्षर परत आलं नाही, तर त्याचे दोनच अर्थ.

हातातला फोन वाजला आणि मी दचकून तो उचलला. दादा होता. रडत होता की हसत होता कळेना.

“अगं, आई बोलली! आत्ता, या मिनिटाला! मी तिच्या शेजारीच बसलोय. कोणी काही विचारलं नव्हतं, काही नाही, नुसती छताकडे बघत होती आणि एकदम म्हणाली, हो!”

“हो?” माझ्या तोंडून निघालं.

“पुन्हा! आत्ता पुन्हा म्हणाली! अगं, स्पष्ट!” त्याचा आवाज फाटला. “ऐक, तुझंच खरं होतं. मी मूर्ख. तुझ्यासारखीच म्हणते गं, जरा कंटाळून. इथले डॉक्टर म्हणालेत, बोलायला लागल्या तर घरी न्या. मी घेऊन येतो तिला. तुझ्याकडेच ठेवू. खूश?”

आई घरी येणार होती. किती दिवस मी हेच तर मागत होते. मी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत खुर्चीचे पाय फरशीवर सरकले आणि आईच्या खोलीतून प्रश्न आला, साधा, घरातला, हजारदा ऐकलेला.

“कोणाचा फोन गं, धाकटे?”

मी फोनवर तळवा दाबला. घट्ट दाबला, त्याला काही ऐकू जाऊ नये म्हणून. आणि अगदी हळू, दाराकडे तोंड करून म्हटलं, “दादाचा.”

हे मी का केलं? हाक मारली की ओ द्यायची, एवढंच. बाकी काही नाही.

तळवा काढला. संस्थेतला पंखा ऐकू येत होता. मग दादा बोलला, पण आता त्याच्या आवाजात रडणं नव्हतं, हसणंही नव्हतं.

“आई आत्ता ‘दादाचा’ म्हणाली.” तो थांबला. “आई मला दादा कधीच म्हणत नाही. दादा तर तू म्हणतेस.”

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

“अगं, ऐकतेस ना? बोल ना काहीतरी. मी स्पीकरवर टाकतो, आईला ऐकू दे.”

आतल्या दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. ते बोटभर आत सरकलं. फटीत खुर्चीची पाठ दिसायला हवी होती. पाठ दिसली नाही, कारण खुर्चीचं तोंड दाराकडे होतं.

“काय म्हणतोय मोठ्या?” तिने विचारलं.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.